माझी बॅग माझ्या आधी गेली

कोल्हापूरला उजळाईवाडीच्या विमानतळावर दारातल्या जवानानं मालकांचं तिकीट बघितलं, पासपोर्ट बघितला, आणि मग माझ्याकडं बघून म्हणाला, तुमचं? मी म्हटलं, माझं नाही, मी सोडायला आलेय. मग इथंच थांबा म्हणाला. सकाळचं ऊन अजून कोवळं होतं. दोन मोठ्या बॅगा ढकलगाडीवर रचून माझा नवरा त्या काचेच्या दारातून आत गेला. निळी बॅग त्यांची होती आणि लाल बॅग माझी.

माझी बॅग चालली होती आणि मी मागं राहिले होते. लाल बॅगेत माझी धुऊन मऊ झालेली सुती पातळं होती, दोन स्वेटर होते, लोखंडी तवा होता, डिंक, आळीव, बाळंतशोपा होत्या. सगळं बाळंतपणाचं. आत गेल्यावर मालकांनी काचेतून मागं वळून बघितलं आणि हातानंच विचारलं, आता कुठं जाऊ? मी बोट दाखवलं, त्या रांगेत. आयुष्यभर कारखान्यात लेथवर काम केलेला माणूस, पुण्याच्या पुढं एकटा कधी गेला नव्हता. तो अमेरिकेला लेकीचं बाळंतपण करायला निघाला होता आणि ज्या बाईनं ते करायचं ती रिक्षा बघत बाहेर उभी होती.

राजारामपुरीतल्या माझ्या गल्लीतल्या बायकांनो, आणि माझ्यासारखं उतारवयात लेकरांच्या मागं इकडं अमेरिकेत आलेल्या बायांनो, हे सगळं तुमच्यासाठी लिहिते आहे. गल्लीला अर्धंच ठाऊक आहे. आणि ज्यांची फाईल अजून अडकली आहे त्यांना हे वाचून जरा बरं वाटेल.

आमची वैशाली एकुलती एक. शिकायला गेली, नोकरीला लागली, तिथंच लग्न झालं, आणि पुढं तिथली नागरिक झाली. मग तिनं आमच्यासाठी अर्ज घातले. आम्हाला वाटलेलं, नवराबायकोचा एकच कागद असेल, रेशन कार्डासारखा. तसं नसतं. त्यांची फाईल वेगळी, माझी वेगळी, दोघांचे नंबर वेगळे. एकाच दिवशी घातलेले अर्ज, पण शेजारशेजारच्या दोन सऱ्यांत एकाच दिवशी लावण करावी आणि एक सरी तरारून यावी, दुसरीत कोंबच दिसू नये, तसं झालं. मालकांची फाईल पुढं सरकायची आणि माझी जागच्या जागी.

पहिली दोन वर्षं मला त्याचं काही वाटलं नाही. येईल तेव्हा येईल. खरं सांगायचं तर माझा जीव कोल्हापुरातच रमलेला. सकाळी फिरायला जायचं, भाजी आणायची, दुपारी सुमनवहिनींच्या दारात बसायचं. सुमनवहिनी म्हणजे आमच्या समोरच्या फ्लॅटमधल्या. वाट बघणं हे भिंतीवरच्या घड्याळासारखं होतं, चालू आहे एवढंच माहीत.

मग वैशूला दिवस गेले. आधी दोनदा दिवस राहून पोर पडलेलं होतं, त्यामुळं ह्या वेळी आनंद झाला तोसुद्धा हळू आवाजात. डॉक्टरनी तिला पडून राहायला सांगितलं. जावयांची नोकरी अशी की सुट्टी मागितली तर नोकरीवर येईल. आपल्यात पहिलं बाळंतपण माहेरी. तिला विमानात बसायची बंदी, मग माहेरानंच उठून तिच्याकडं जायला पाहिजे. त्या दिवसापासून मला एकच गोष्ट हवी होती, पोरगी मोकळी होताना मी तिच्या उशाशी पाहिजे. आणि त्या दिवसापासून त्या घड्याळाची टिकटिक मला ऐकू यायला लागली.

मालकांना मुलाखतीला आधी बोलावलं. दोघं मुंबईला गेलो, त्यांना चार प्रश्न विचारले, पासपोर्टवर शिक्का आला. त्या शिक्क्यावर एक तारीख होती. त्या तारखेच्या आत तिथं पाऊल ठेवायचं, नाहीतर परत सगळं पहिल्यापासून. आम्ही ठरवलं, थांबू, माझंही आता येईलच, जोडीनं जाऊ. आणि थोड्या दिवसांनी माझंही बोलावणं आलं.

इथं आम्ही एक चूक केली. चूक म्हणजे काय, आपल्याकडच्या रीतीनं वागलो. बोलावणं आलं म्हणजे झालंच, असं गल्लीनं धरलं. आपल्याकडं लांबच्या गावाला जाणाऱ्या बाईला कोण तशीच सोडत नाही. जेवायला बोलावणं सुरू झालं. मी म्हणत होते, आधी शिक्का पडू दे. सुमनवहिनी म्हणाल्या, "शिक्का पडल्यावर गडबड हुतीया, आदी उरकून घिऊ की." मग ओट्या भरल्या, खण झाले, नारळांची रांग लागली. फ्रिज कागलला दिराकडं गेला, कारण सासर तिकडचं. पितळी भांडी जावेला दिली. कुंड्या गल्लीत वाटल्या आणि तुळस सुमनवहिनींच्या गॅलरीत नेऊन ठेवली. सगळ्यांच्या पाया पडून, सगळ्यांच्या गळ्यात पडून मी मुंबईला मुलाखतीला गेले.

खिडकीच्या आत गोरा पोरगा होता, बोलायला नम्र. शेजारी मराठी सांगणारी बाई. मुलगी काय करते, जावई काय करतो, सगळं विचारून झालं. मग त्यानं एक कागद उचलला, बराच वेळ बघितला, आणि त्या बाईनं मला विचारलं, "मुलीच्या जन्मदाखल्यावर आईचं नाव आक्काताई आहे. ह्या आक्काताई कोण?"

मी म्हटलं, मीच की.

"पण तुमचं नाव सुनंदा आहे."

मी सांगायला लागले. आमच्यात लग्नात नवरीचं नाव बदलतात. ताटात तांदूळ पसरून नवरा अंगठीनं त्यात नवं नाव लिहितो. मी माहेरची आक्काताई, पेठ वडगावजवळच्या खेड्यातली. सासरी सुनंदा झाले. वैशूचा जन्म माहेरी झाला आणि ग्रामपंचायतीत नोंद करायला आमचे आबा, म्हणजे माझे वडील गेले. आबांनी मला सुनंदा असं उभ्या जन्मात म्हटलं नाही. "नाव आमी ठेवलंय, ते बदलणारी ती कोण," असं म्हणायचे. त्यांना आईचं नाव विचारलं, त्यांनी आपल्या लेकीचं सांगितलं. त्यात त्यांचं काय चुकलं?

हे सगळं मी सांगितलं की नाही कोण जाणे. त्यानं परत काहीतरी विचारलं. मराठी सांगणारी बाई आवाज खाली घेऊन म्हणाली, "आजी, ते विचारतात, तुम्ही मुलीच्या सावत्र आई आहात का?"

नाही म्हटलं. नाही हा शब्द किती बारका असतो ते त्या दिवशी कळलं. त्यानं माझा पासपोर्ट परत दिला आणि वर एक रंगीत कागद दिला. आई असल्याचा आणखी पुरावा आणा.

परत आल्यावर राजारामपुरीत एका क्लासच्या वरच्या मजल्यावर व्हिसाचं काम करणारी अस्मिता म्हणून पोरगी बसते, तिच्याकडं गेलो. तिनं कॉम्प्युटरवर माझा नंबर घातला. इंग्रजीत एकच शब्द आला, रिफ्यूज्ड. एवढं इंग्रजी मलाही कळतं. मालक खुर्चीतून उठून उभे राहिले. अस्मिता म्हणाली, "काका, बसा. पुरावा येईपर्यंत तिथं असंच दिसतंय. दार बंद न्हाय झालं, नुसतं लोटलंय." पण किती दिवस लोटलेलं राहील, तर ते तिलाही सांगता येईना. कुणाचं महिन्यात होतं, कुणाचं वर्ष जातं.

मालकांची तारीख मात्र ठरलेली होती, आणि वैशूचे दिवस भरत आले होते. मालक म्हणाले, "मी जाऊन काय करू? मला चहा करता येत न्हाय." दोन दिवस तोच वाद. तिसऱ्या दिवशी वैशूचा फोन आला. रडली नाही ती. एवढंच म्हणाली, "आई, कुणीतरी या."

मग मी त्यांना स्वयंपाकघरात उभं केलं. फ्रिज गेलेला, भांडी गेलेली, एक पातेलं आणि एक कढई राहिलेली, त्यात शिकवणी चालली. आळिवाची खीर, डिंकाचे लाडू, शेपूची भाजी. लेथवरचा माणूस, त्यांना सगळं मापात पाहिजे. "चिमूटभर म्हंजे किती?" मी म्हटलं, चिमटीत मावतं तेवढं. "माझ्या चिमटीत का तुझ्या?" खीर पातेल्याला लागली तेव्हा मला हसू आलं आणि हसता हसताच मनात आलं, की हा माणूस माझ्या पोरीला सांभाळणार.

तिकिटावर दोन बॅगा चालत होत्या. मीच म्हटलं, माझीही न्या, मी आले की मला हात हलवत येता येईल. म्हणून लाल बॅग गेली.

विमानतळावरनं परत आले ती रिकाम्या घरात. एक कॉट, एक चटई, दोरीवर तीन पातळं. आणि इथनं पुढं जे सुरू झालं ते मला कुणी आधी सांगितलं नव्हतं. निरोप घेऊन झालेली बाई मागं राहिली तर तिचं करायचं काय, ह्याची आपल्याकडं रीतच नाही. ओटी भरलेली परत मागता येत नाही आणि देता येत नाही. भाजीवाली लांबूनच ओरडायची, "काकू, अमेरिकंत मेथी मिळंना वाटतं, परत आलासा?" ओळखीतलं लग्न होतं, पत्रिका मालकांच्या नावानं आली नाही, माझ्याही नाही. त्यांना वाटलं आम्ही गेलो. मी आपली दुसऱ्या गल्लीतनं बाजाराला जायला लागले. सुमनवहिनींच्या गॅलरीत माझी तुळस दिसायची. त्या पाणी घालायच्या तेव्हा मी खिडकीतनं बघायचे, जास्त घालतात, मुळं कुजतील. सांगवत नव्हतं. दिलेली होती ना.

रोज सकाळी चहा घ्यायच्या आधी फोन उघडायचे, नंबर घालायचे. तोच शब्द. फोन बंद करून चहा घ्यायचे. कधी वाटायचं, आज बघायचंच नाही, मग आपोआप बदलेल. दूध ऊतू जाऊ नये म्हणून त्याच्याकडं बघत राहतो, तसं मी त्या शब्दाकडं बघत राहिले.

पुरावा म्हणजे काय, तर जन्माच्या वेळी हजर असलेल्या मोठ्या माणसाचं प्रतिज्ञापत्र चालेल असं अस्मिता म्हणाली. आबा गेले, आई गेली, सुईण केव्हाच गेली. राहिली एक नानी. नानी म्हणजे माझी धाकटी चुलती. वैशूला पहिल्यांदा हातात तिनंच घेतली होती. मी एसटीनं गावाकडं गेले. नानी घराच्या पुढच्या सोप्यात लसूण सोलत बसलेली. मला बघून म्हणाली, "आक्के, तू गेली न्हाईस व्हय?" सगळं सांगितल्यावर तिनं लसणाची पाटी बाजूला सारली. "पोर कुणाची ते कागदाला इचारत्यात, आणि मी हितं जित्ती बसलोय. चल. कुठं सांगायचंय?"

आमच्याकडं बायका आलो-गेलो असंच बोलतात, ते तुम्हाला माहीत आहे. इकडं कुणाला सांगितलं तर हसतात.

पेठ वडगावात वकिलाकडं गेलो. त्यानं सगळं लिहून घेतलं, वाचून दाखवलं, आणि म्हणाला, आजी, आधार कार्ड द्या. कार्ड बघून त्याचा चेहरा बदलला. म्हणाला, "ह्यावरचं वय धरलं तर ही मुलगी जन्मली तेव्हा तुम्ही शाळेत जायच्या वयाच्या होता."

"शाळंचं तोंड बगितलं न्हाई मी," नानी म्हणाली. "त्यावक्ताला दोन पोरांची आई हुतो."

"मग कार्डावर असं कसं?"

"कार्ड काढणारा म्हटला, आजी वय किती? मी म्हटलं, लिव बाबा तुला वाटंल ते. त्यानं लिवलं."

वकील हसला, मी हसले, नानी तर खो खो हसली. पण हसून झाल्यावर वकिलानं कागदाची घडी घातली आणि म्हणाला, हे पाठवलं तर उलट शंका घेतील. कार्डावर नानी माझ्यापेक्षाही लहान होती. बाळाला हातात घेणारी एकच बाई जिवंत, आणि कागदावर ती परकर नेसून खेळत होती. येताना एसटी स्टँडवर नानी मला म्हणाली, "माज्यामुळं अडकलीस गं." मी म्हटलं, नानी, तुझ्यामुळं नव्हे. पण मग कुणामुळं? आबांमुळं? आबांनी तर मला सोडलं नाही एवढंच केलं होतं.

राहता राहिली डीएनए तपासणी. वैशूनं तिकडं पडल्यापडल्या सगळी व्यवस्था केली, तिचा नमुना दिला, आणि माझा नमुना घ्यायची पेटी मुंबईला आली. मी एकटी गेले. गालाच्या आतून एक काडी फिरवली, झालं. तिथली बाई म्हणाली, आजी, दुखलं नाही ना? मला हसू आलं. जिच्यासाठी दीड दिवस कळा काढल्या ती माझीच आहे हे ह्या काडीनं सांगायचं होतं. मी म्हटलं, नाही, ह्या वेळी नाही दुखलं. तिला कळलं नाही. बरं झालं.

आता एक हिशेब मनात चालला. तपासणी आधी येते का पोर आधी येतं. पोर आधी आलं.

दिवस भरायच्या आधीच आलं. दुपारी मी चटईवर आडवी झाले होते, मालकांचा फोन. तिकडं पहाट होती. म्हणाले, "आणलंय तिला दवाखान्यात. आत नेलंय. ऑपरेशन म्हणत्यात." जावई आत, आणि हे बाहेर बाकावर. एक नर्स येऊन काहीतरी सांगून गेली. मी विचारलं, काय म्हणाली? "मला कळलं न्हाय. लई भराभर बोलली." हसून बोलली का गंभीर होऊन? "तोंडाला पट्टी हुती तिच्या."

मी उठून घरात फिरायला लागले. देव सुद्धा बांधून ठेवलेले. काय करावं कळेना म्हणून दार उघडून तशीच समोर गेले. सुमनवहिनींनी काही विचारलं नाही, गॅलरीचं दार उघडलं. मी माझ्या तुळशीपाशी जमिनीवर बसले. फोन कानालाच. मालक म्हणाले, ठेवतो, काय झालं तर सांगतो. मी म्हटलं, ठेवू नका. ते म्हणाले, "बोलायचं काय पण?" मी म्हटलं, काही बोलू नका.

मग दोघंही गप्प. त्यांचा श्वास ऐकू येत होता. लांबून कुठलीतरी घंटी वाजायची, गाडीची चाकं घासत जायची, माझ्या बाजूनं गल्लीतली रिक्षा ओरडायची. संसारात आम्ही दोघं एवढा वेळ कधी एकमेकांशी बोललो नव्हतो म्हणाल तर चालेल. वहिनी माझ्या पाठीवर हात ठेवून बसल्या होत्या.

दार उघडल्याचा आवाज आला. जावयांचा आवाज आला, शब्द कळले नाहीत. मग मालक म्हणाले, "पोरगी झालीया."

मी म्हटलं, "आणि आपली?"

नाक ओढून म्हणाले, "आपली पण बरी हाय."

त्या दिवशी लाल बॅग उघडली गेली. माझं सगळ्यात जुनं पातळ फाडून मालकांनी दुपटी केली, कात्रीनं, पट्टी लावून, सरळ रेषेत. माझी नात माझ्या पातळात गुंडाळलेली होती आणि मी कोल्हापुरात होते.

नाळ पडल्यावर पहिली अंघोळ फोनवर झाली. आपल्याकडं बाई पाटावर बसून पाय लांब करते आणि पायावर बाळ घेते. तिकडं न्हाणीघरात टब. त्या टबात माझा नवरा पँट गुडघ्यापर्यंत दुमडून, पाय लांब करून बसलेला, मांडीवर एवढंसं पोर, आणि वैशूनं फोन बेसिनवर टेकवून ठेवलेला. मी इकडनं सांगत होते. मानेखाली हात. पाणी कोपराला लावून बघा. कानात जाऊ देऊ नका. त्यांच्या हातातनं साबण निसटला. लोखंड कातताना केसभर न हललेले हात. पोरगी रडायला लागली तेव्हा ते घाबरून तिला म्हणाले, "गप गं बाळा. आक्का येणार हाय. आक्का आली की ती घालंल तुला बरी अंगोळ."

मी ऐकलं. पाणी कोमट आहे का, एवढंच विचारलं. ज्या माणसानं ताटात सुनंदा लिहिलं, आणि लिहून झाल्यावर ते नावसुद्धा कधी घेतलं नाही, नुसतं 'ऐकलं का' वर संसार केला, तो माझ्या आबांनी ठेवलेल्या नावानं मला नातीपुढं बोलवत होता. मग रोजचं तेच झालं. आक्का येणार. आक्का आली की. पोर तिकडं ते ऐकत मोठी होत होती आणि मी इकडं रोज सकाळी तोच शब्द बघत होते.

तपासणीचा निकाल लागला तेव्हा वैशूनं फोन केला, "आई, अभिनंदन. तू माझी आई निघालीस." दोघी हसलो, आणि हसणं थांबवता येईना तेव्हा दोघींनी फोन ठेवले. त्यानंतरही शिक्क्याला वेळ लागलाच. पासपोर्ट पाठवा, थांबा, परत थांबा. एक दिवस सकाळी तो शब्द गेला होता आणि तिथं दुसरा होता. मी चहा न घेताच अस्मिताकडं गेले. दुकान उघडायच्या आधी जिन्यात बसून राहिले. आल्यावर तिनं वाचून सांगितलं, व्हिसा मिळाला.

ह्या वेळी मी कुणाला सांगितलं नाही. नाराज झाला असाल, माहीत आहे मला, पण परत ओट्या भरून घ्यायची माझी छाती नव्हती. सुमनवहिनींना तेवढं सांगितलं, आणि जाताना म्हटलं, वहिनी, तुळशीला पाणी जरा कमी घाला. त्या म्हणाल्या, "येवढे दिवस बगत हुतीस, आदी सांगायचं न्हाय व्हय?"

गावाकडं जाऊन आले. नानी सोप्यातच बसलेली. पाया पडले तर तिनं माझं तोंड दोन्ही हातांत धरलं. म्हणाली, "तिकडं तुला आक्के म्हणून कोण हाक मारंल गं?" मी म्हटलं, नानी, तू फोन कर की. ती म्हणाली, "मी किती दिस?"

परदेशातल्या त्या विमानतळावर खिडकीतल्या माणसानं सुनंदा म्हणून विचारलं, मी मान डोलावली. त्यानं बोटांचे ठसे घेतले, शिक्का मारला. एवढ्या दिवसांची वाट आणि शिक्का मारायला लागला तो एक आवाज. बाहेर आले तर माणसंच माणसं, सगळी उंच. मी हात हलवत आले होते, बॅग आधीच पोचलेली. कुठं जायचं कळेना म्हणून खांबाला धरून उभी राहिले. मालक पलीकडनं 'ऐकलं का, ऐकलं का' म्हणत होते म्हणे. त्या गर्दीत ते कुणाला ऐकू जाणार. मग त्यांनी हाक मारली. आपल्या कोल्हापुरी आवाजात, शिवारातनं हाळी द्यावी तशी, सगळा विमानतळ वळून बघेल अशी.

"आक्काताई."

आधी मला वाटलं आबा आले.

आता इथं माझं बरं चाललंय. ग्रोसरीला जाते, डायपर बदलते, डिशवॉशरला भांडी लावते, हीटर वाढवायचा का कमी करायचा यावरनं मालकांशी भांडते. ते आता मापात पोळ्या लाटतात, कंपास लावल्यासारख्या गोल. माझ्यापेक्षा त्यांच्याच हातची खीर वैशूला आवडते, हे मी तुम्हाला म्हणून सांगते. नात सुरुवातीला माझ्याकडं यायची नाही. त्यांच्याकडंच पळायची. बाळंतपणाला मी नव्हते ते नव्हतेच, ते काही भरून निघत नाही. तिच्या पहिल्या दिवसांबद्दल बोलणं निघालं की मी आपली ऐकत बसते, दुसऱ्याच्या गावची गोष्ट ऐकावी तशी.

ज्यांची फाईल अजून अडकली आहे त्यांना एवढंच सांगते. शिक्का हातात आल्याशिवाय तुळस देऊ नका. भांडी द्या, फ्रिज द्या, पण ती देऊ नका. आणि गल्लीला सांगते, मागं राहिलेल्या बाईला रस्त्यात अडवून का गेली नाहीस म्हणून विचारू नका. तिला आत बोलवा आणि बसू द्या, सुमनवहिनींनी मला बसू दिलं तसं.

घर कुठं म्हणून इथल्या बागेत कुणी विचारलं तर पहिल्यांदा कोल्हापूर म्हणायचे आणि मग अडखळायचे, की तिथं तर चटईसुद्धा नाही आता. इथलं म्हणावं तर इथं माझ्या आधी माझी बॅग राहायला आलेली. बरेच दिवस मी ह्याच घोळात होते.

मागच्या रविवारी नानीला फोन लावला. आवाज बारीक झालाय, पण भांडण तेच. जेवलीस काय, थंडी हाय काय, नवरा ऐकतोय काय. मग म्हणाली, "मी इचारलंतं, त्याचं सांगिटलं न्हाईस तू. तिकडं तुला हाक कोण मारतंय?" मी काही सांगायच्या आधीच आतल्या खोलीत नात झोपेतनं उठली आणि मोठ्यानं ओरडायला लागली, आक्का, ए आक्का. तिला अजून दुसरं धड काही बोलता येत नाही.

फोनवर नानी हसली.

"ऐकलं मी," म्हणाली. "फोन ठेव. आदी तिला ओ दे."